वांगावर लिंबू नको

वांगावरच्या (चेहऱ्यावरच्या काळपट डागांवरच्या) लेखात लिंबू-हळद चोळायला सांगितलंय, तेवढा सल्ला सोडून द्या. लिंबाने कातडी भाजते, आणि आपल्या सावळ्या रंगात अशी जळजळ ओसरताना आणखी गडद डाग ठेवून जाते.

त्याहून घातक म्हणजे केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ ट्यूब. घटकांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन दिसलं, तर शेवटचं स्टेरॉइड आहे. चेहरा पटकन उजळतो म्हणून लोक महिनोन्‌महिने फासतात. मग कातडी पातळ, गालांवर लाल शिरा, हनुवटीवर लव, आणि बंद केलं की डाग परत, वर आग. अशी तिहेरी औषधं त्वचारोगतज्ज्ञ देतात तीही साधारण 8 ते 12 आठवडे, रात्री, फक्त डागावर.

सनस्क्रीन टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) घ्या, आयर्न ऑक्साइडवालं. वांगाचे डाग नुसत्या उजेडानेही गडद होतात, तो साध्या सनस्क्रीनने फारसा अडत नाही. चेहरा-मानेला दोन बोटं भरून. विरार लोकलच्या घामात ते टिकेल ही आशा नको. उतरल्यावर घाम टिपा (घासू नका) आणि पुन्हा लावा. जुलैतही. गरोदर असाल तर ट्रेटिनॉइन, हायड्रोक्विनोन दोन्ही बंद. त्याऐवजी अझेलेइक अ‍ॅसिडच्या मलमाबद्दल डॉक्टरांना विचारा.