कुलपातलं रिव्हॉल्व्हर काय कामाचं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

पहिलं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्यांसाठी मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून हे सविस्तर उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमची तालुक्याच्या गावी सराफी पेढी आहे. शेजारच्या दुकानावर दरोडा पडल्यावर तुम्ही परवान्यासाठी अर्ज केलात, खूप हेलपाट्यांनंतर तो मिळाला, आणि लाखाच्या वर पैसे घालून .32 बोअरचं (बोअर म्हणजे नळीचा व्यास) रिव्हॉल्व्हर घेतलंत. मी लिहिलं होतं की शस्त्र रिकामं आणि कुलपात ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. त्यावर तुम्ही विचारता, ‘ताई, दरोडेखोर दारात आल्यावर मी किल्ल्या शोधत बसू का?’ शिवाय ज्या दुकानातून शस्त्र घेतलंत तिथे तुम्हाला सांगितलं गेलं की रिव्हॉल्व्हरला सेफ्टी, म्हणजे चुकून बार होऊ नये म्हणून असणारा खटका, लागत नाही, ते भरूनच ठेवायचं असतं. आणि घरच्यांना शस्त्राची ओळख करून द्या, हा माझा सल्ला तुम्हाला अनाठायी वाटला, कारण परवाना तुमच्या एकट्याच्या नावावर आहे. शस्त्र तेल-फडक्याने साफ ठेवण्याबद्दल मी लिहिलं, तेही तुम्हाला रुचलं नाही.

तुमची भीती खोटी नाही. सोनं सांभाळणाऱ्या माणसाला रात्री झोप का लागत नाही, हे मला कळतं. तरीही मी माझ्या सल्ल्यावर ठाम आहे.

पेढी उघडी असताना तुम्ही गादीवर बसलेले आहात आणि रिव्हॉल्व्हर कमरेला, ट्रिगर पूर्ण झाकणाऱ्या चांगल्या होल्स्टरमध्ये (म्यानात), कपड्याआड आहे. तेव्हा ते भरलेलं असायला माझी हरकत नाही, फक्त ते चालवण्याचा सराव हवा. माझा आक्षेप गल्ल्यातल्या, उशाखालच्या, कपाटातल्या साड्यांमागच्या भरलेल्या शस्त्राला आहे. अंगावर आहे तोवर ते तुमच्या ताब्यात आहे. अंगावरून उतरलं की ते ज्याच्या हाताला लागेल त्याचं. म्हणून अंगावरून उतरवताना रिकामं करायचं आणि कुलपात ठेवायचं. याला अपवाद एकच, तो पुढे सांगते.

गल्ल्याचंच बघा. तो दिवसातून किती जण उघडतात? नोकर उघडतो, मुलगा उघडतो, सुट्टे पैसे काढायला भाचा उघडतो. आणि दरोडेखोर सगळ्यात आधी तोच उघडायला लावतो. तुमच्याच रिव्हॉल्व्हरने तुमच्यावर नेम धरला जाण्याची ही सरळ वाट आहे. दरोडा टाकणारे एकटेदुकटे येत नाहीत, सांगूनही येत नाहीत. त्या काही सेकंदांत तुमचा हात गल्ल्याकडे जाताना त्यांना दिसतो.

दुसऱ्याच्या परवान्यावरचं शस्त्र भलत्याच्या हाती पडलं की काय होतं, हे आपण मुंबईत पाहिलं आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला फेसबुक लाइव्ह चालू असताना एका माजी नगरसेवकाची हत्या झाली. वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं असल्याचं तपासात पुढे आलं आणि त्या अंगरक्षकालाही अटक झाली. शस्त्र ज्याच्या नावावर आहे, तो माणूस यातून सुटत नाही.

आता ‘रिव्हॉल्व्हरला सेफ्टी लागत नाही’ याबद्दल. बहुतेक रिव्हॉल्व्हरना बाहेरून सेफ्टीचा खटका नसतो, एवढं खरं. ट्रिगर दाबल्याशिवाय हॅमर, म्हणजे काडतुसावर आदळणारा भाग, काडतुसापर्यंत पोहोचू नये म्हणून चांगल्या रिव्हॉल्व्हरच्या आत एक अडसर असतो. तो शाबूत आहे की झिजला, हे बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात, गुडघ्याखाली, त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. पहाटे बाहेरगावी निघताना ते कपाटात ठेवत होते, हातातून पडलं आणि गोळी सुटली, असं त्यांच्या बाजूने सांगितलं गेलं. ते थोडक्यात वाचले. सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात तो फिरता भाग, रिकामं असतं तर ते शस्त्र नुसतं फरशीवर आपटलं असतं.

रात्रीचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ज्याला ठोस धमकी आहे, त्याला रिकाम्या शस्त्राचा उपयोग नाही हे मी मान्य करते. अशा माणसाने पलंगाजवळच्या भिंतीत बोल्टने पक्की केलेली, आकडे दाबून अंधारातही उघडणारी छोटी पोलादी पेटी घ्यावी. ती उघडायला सरावाने फार वेळ लागत नाही आणि मुलांच्या हाताला ती उघडत नाही. पण हे पहिल्या वर्षी नको. आधी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन हात बसू द्या. झोपेतून दचकून उठलेला नवखा माणूस, अंधार आणि पाणी प्यायला उठलेलं घरातलंच कुणीतरी, हे तिन्ही एकत्र आलं की काय होतं ते मला वेगळं सांगायला नको.

कायदाही लक्षात ठेवा. भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, मालमत्तेच्या रक्षणाचाही आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीवर भर बाजारपेठेत झाडलेली गोळी तुम्हाला कोर्टात उभं करील, आणि चुकली तर समोरच्या दुकानात कुणाला लागेल याचा नेम नाही.

आता शस्त्राकडे वळते, कारण तेल आणि फडक्याच्या परिच्छेदावर तुम्ही विशेष चिडला आहात.

आपल्याकडे सामान्य नागरिकाला 9 मिमी किंवा .38 मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअरमध्ये येतं. परदेशी हँडगनची आयात सर्वसामान्यांसाठी 1980 च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे, म्हणून जुन्या विलायती पिस्तुलांना अवाच्या सवा किंमत येते. बाकी बहुतेक जण कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .32 घेतात. त्यातली नेहमीची रिव्हॉल्व्हर मधून दुमडून उघडतात आणि उघडली की सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. 2023 मध्ये आलेल्या ‘प्रबल’चं सिलिंडर बाजूला सरकतं. जाहिरातीत त्याच्या 50 मीटरच्या पल्ल्याचं फार कौतुक झालं. पेढीत तुमचा प्रसंग चार-पाच मीटरवर येणार आहे, त्यामुळे त्या आकड्यावर जाऊ नका. 2014 मध्ये ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर आलं, तेव्हा ते महिलांसाठीचं म्हणून गाजवलं गेलं. वजन अर्धा किलो, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मी मुलींना पिस्तूल नेमबाजी शिकवते, म्हणून सांगते, हलकं शस्त्र नवख्या हाताला सोपं नसतं. वजन कमी तेवढा धक्का जास्त जाणवतो, आणि जड ट्रिगर ओढताना हलकी नळी चटकन बाजूला जाते. वजन बघून नव्हे, मुठीत बसतं का ते बघून घ्यावं.

सरकारी कारखान्यातून येणारं शस्त्र गंजू नये म्हणून चिकट तेलाने माखलेलं असतं. ते तसंच भरून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. तेल नळीत आणि सिलिंडरच्या सहा घरांत राहिलं तर ते काडतुसाच्या बुडाशी, म्हणजे जिथे हॅमरची टोच बसते तिथे झिरपतं, आणि काही महिन्यांनी काडतूस निकामी होऊ शकतं. तुमच्या भाषेत सांगायचं तर दरोडेखोर समोर उभा असताना नुसतं ‘टक’ वाजेल. म्हणून पहिल्या दिवशी नळी आणि सहाही घरं चिंधीने कोरडी होईपर्यंत पुसायची. बाहेरून आणि सांध्यांना बंदुकीच्या तेलाचा हलका हात पुरे. खोबरेल अजिबात नको. थंडीत ते थिजतं आणि एरवी चिकटा धरतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र घालून कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पंधरवड्यात गंजाचे ठिपके दिसू लागतात. साफ करून झाल्यावर हात साबणाने धुवा, कारण त्या काळ्या मळीत शिसं असतं.

साफसफाईच्या वेळी काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत. सिलिंडर उघडायचं, सहा घरं डोळ्यांनी बघायची, मग बोटाने चाचपायची. कुणी ‘रिकामं आहे’ म्हणून हातात दिलं तरी हेच करायचं.

काडतुसं पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्यातली मिळतील, तळावर केएफ अशी अक्षरं असतात. रिव्हॉल्व्हरचं .32 आणि पिस्तुलाचं .32 ही वेगळी काडतुसं आहेत, बिलावर तपासून घ्या. एका वेळी किती आणि वर्षाला किती घेता येतील हे तुमच्या परवान्यात लिहिलेलं आहे, त्याचा आणि रिकाम्या पुंगळ्यांचा हिशेब वहीत ठेवा. रेंजवर बार झाला नाही तर नळी समोरच धरून अर्धा मिनिट थांबायचं. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर लगेच थांबायचं, गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यावर दुसरी झाडली तर नळी फुटते. कानावर आवाज अडवणारे मफ हवेच. या बाराचा आवाज 140 डेसिबलच्या पुढे जातो आणि गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

खंडेनवमीबद्दलही लिहिते, कारण दिवस जवळ आले की हे घरोघरी होतं. पूजा जरूर करा. शस्त्र रिकामं करून, काडतुसं आत कपाटात ठेवून करा. हळद-कुंकू मुठीला लावा, नळीत आणि सिलिंडरमध्ये जाऊ देऊ नका, आणि पाण्याचे शिंतोडे लगेच पुसा. पाटावरच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो स्टेटसला टाकू नका. तुमच्याकडे काय आहे आणि ते कुठे ठेवता, हे गावाला सांगून काय मिळणार? लग्नाच्या वरातीत कुणी ‘शेठ, एक बार होऊन जाऊ द्या’ म्हणेल. शस्त्र कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

राहिला घरच्यांचा प्रश्न. परवाना तुमचा आहे, त्यामुळे वहिनींनी शस्त्र चालवायचं नाही. पण त्याच घरात त्या राहतात. पेटी कुठे आहे, शस्त्र उघडं दिसलं तर हात न लावता तुम्हाला बोलवायचं, हरवलं तर ताबडतोब पोलीस ठाण्यात कळवायचं, हे त्यांना माहीत हवं. मुलांना दटावून लांब ठेवण्यापेक्षा एकदा समोर बसवून सांगा. लपवलेली गोष्ट मुलं शोधतातच.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. घरात कुणी खचलेलं असेल, परीक्षेत नापास झालेला मुलगा असो, कर्जात बुडालेला भाऊ असो, किंवा तुम्ही स्वतः असा, तर शस्त्र त्या काळात घरात नको. अमेरिकेत बंदुका पुष्कळ घरांत आहेत, आणि तिथे बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. आपल्या कायद्यात परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात शस्त्र पावती घेऊन जमा करता येतं. निवडणुकीच्या काळात, कुणाची शस्त्रं जमा करायची हे ठरवणाऱ्या छाननी समितीने सांगितलं की आपण जमा करतोच. तसंच घरच्या अडचणीतही करा. जमा का करता, हे कुणाला सांगायची गरज नाही. तेल लावून द्या, परत घेताना नंबर ताडून बघा आणि आधी साफ करा.

तुम्ही लिहिलंत की सरावाला काडतुसं परवडत नाहीत. त्यावर उपाय आहे. .177 बोअरची, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीची एअर पिस्तूल (हवेच्या दाबाने छर्रा सोडणारी) परवान्याशिवाय घेता येते. तिच्यावर रोज थोडा वेळ, मागे पक्की भिंत आणि छर्रा अडवणारी पेटी ठेवून, ट्रिगर सरळ मागे ओढण्याचा सराव करा. रिव्हॉल्व्हरमध्ये डमी (दारू नसलेली) काडतुसं घालून ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे गोळी न झाडता ट्रिगर ओढण्याचा सराव करा, खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून. मग महिन्यातून एकदा तुमच्या जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनच्या रेंजवर परवानगी घेऊन मोजकी काडतुसं झाडा. जाताना मूळ परवाना बरोबर घ्या, शस्त्र रिकामं, पेटीत, काडतुसं वेगळ्या पिशवीत. पहिल्या दिवशी रेंज ऑफिसरला सांगा की तुम्ही नवीन आहात. ते शेजारी उभे राहतील.