शुद्धीवर येणं म्हणजे बरं होणं नव्हे

‘मेडिकल मालिका मन लावून पाहा, मेंदूच्या दुखापतीबद्दल वेगळं काही वाचायला नको’ असा एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्यात मालिकांमधून ‘शिकलेल्या’ गोष्टीही दिल्या आहेत. त्यांतल्या बहुतेक चुकीच्या आहेत आणि त्याचा त्रास दुखापत झालेल्या माणसालाच होतो, म्हणून हे उत्तर.

‘कोमातला माणूस डोळे उघडतो आणि पूर्वीसारखा होतो.’ हा समज सगळ्यांत घातक. अमेरिकी मालिकांमधल्या कोमात गेलेल्या ६४ पात्रांचा अभ्यास २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. त्यांतली ५७ पात्रं पूर्ण बरी झाली, आणि त्यांतल्या बहुतेकांमध्ये शुद्धीवर आल्या दिवशीच काही उणीव दिसत नव्हती! खऱ्या अतिदक्षता विभागात असं सहसा घडत नाही. गंभीर दुखापतीत डोळे उघडले तरी नजर ठरत नाही. सांगितलेलं कळायला दिवस, कधी आठवडे लागतात. मग गोंधळाचा काळ येतो: माणूस तेच तेच विचारतो, नळ्या ओढतो, जवळच्यांवर ओरडतो, सकाळी कोण भेटून गेलं ते संध्याकाळी आठवत नाही. हा काळ जितका लांबतो, तितकी पुढची वाट सहसा अवघड असते. मालिकेवर विसंबलेले नातेवाईक इथेच खचतात. त्यांना वाटतं, आपल्याच माणसाचं काहीतरी बिघडलं.

‘मार लागला की माणूस स्वतःचं नाव विसरतो, दुसरा धक्का बसला की आठवतं.’ नाव विसरणं फार विरळा. अपघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो आणि नवीन गोष्टी लक्षात राहत नाहीत, हे नेहमीचं. दुसऱ्या धक्क्याने दुखापत वाढते, एवढंच.

‘सीटी स्कॅन नॉर्मल म्हणजे मेंदू ठीक.’ सीटी मुख्यतः रक्तस्राव, सूज, कवटीचं फ्रॅक्चर दाखवतो. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला हादरा बसून मेंदूचं काम तात्पुरतं बिघडतं तेव्हा, तो बहुधा नॉर्मलच येतो. शुद्ध हरपली नाही तरी कन्कशन होऊ शकतं. घरी आल्यावर डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, गुंगी आली, तर आधीचा रिपोर्ट बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि दुखापत म्हणजे फक्त मार नव्हे. पक्षाघात, हृदय थांबल्याने किंवा बुडाल्याने तुटलेला ऑक्सिजन, मेंदूज्वर, मेंदूतली गाठ यांनीही तेच घडतं.

‘निदान जागरूकता तरी येते.’ थोडी येते, मान्य. पण ती ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंतची. त्यापुढचा थकवा दिसत नाही: दोन माणसांशी बोलल्यावर दिवसभर झोपावं लागणं, गर्दीचा आवाज असह्य होणं. कपाळामागचा भाग दुखावला असेल तर काय करायचं ते कळत असूनही उठून सुरुवात करता येत नाही, राग आवरत नाही. कधी कधी हा बदल त्या माणसाला स्वतःला जाणवतच नाही, कारण ती जाणीव देणारी यंत्रणाच जखमी असते. बाहेरून हातपाय धडधाकट दिसतात, म्हणून लोक त्याला आळशी म्हणतात, नाटकी म्हणतात. याचं मला फार वाईट वाटतं.

सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते आणि नंतर सावकाश, पण वर्षानुवर्षं चालू राहू शकते. म्हणून डिस्चार्जच्या वेळी फिजिओथेरपीबरोबर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिलेले उपचार) आणि स्मरणशक्ती-वर्तनाची तपासणी लागेल का, हे डॉक्टरांना विचाराच.