‘किंमत निम्मी करा, तुटवडा संपेल’: मुलांच्या तातडीच्या औषधांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

कपाशीवर फवारणी सुरू झाली की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. विषबाधा झालेल्या लहान मुलाला इंजेक्शन मिळालं नाही, ही त्याची सुरुवात. पुढे चार दावे येतात. एक, ॲट्रोपिनचं (कीटकनाशकाच्या विषबाधेवरचं) इंजेक्शन बनवायला रुपयाही लागत नाही. दोन, सरकारने किंमत निम्मी केली तर ते प्रत्येक पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मिळेल. तीन, तुटवडा कंपन्या मुद्दाम करतात. चार, मुलांसाठी वेगळी औषधं ही धंद्याची चाल आहे, मोठ्यांच्या औषधाचा अर्धा डोस पुरतो. मेसेजमागची तळमळ खरी आहे, पण त्यातला उपाय तुटवडा वाढवणारा आहे.

चौथा दावा आधी घेऊ, कारण तो खरा मानून आज रात्रीच कुणाच्या तरी घरात चूक होऊ शकते. मुलाचा डोस बहुतेक वेळा वजनावर ठरतो. तापासाठी पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिग्रॅ, म्हणजे 10 किलोच्या बाळाला 150 मिग्रॅ. मेडिकलमध्ये मात्र याच औषधाच्या तीन बाटल्या असतात: 1 मिलीत 100 मिग्रॅ असलेले थेंब, 5 मिलीत 125 मिग्रॅचं सिरप आणि 5 मिलीत 250 मिग्रॅचं सिरप. 150 मिग्रॅसाठी त्यातून अनुक्रमे दीड, सहा आणि तीन मिली द्यावं लागतं. सिरपच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतून सहा मिली पाजलं, तर पोटात 600 मिग्रॅ जातात, म्हणजे चौपट. इथे ‘अर्धा’ हा शब्द कामाचाच नाही.

सर्पदंशात तर तो जीवघेणा आहे. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं मूल बघून विष कमी सोडत नाही. उलट तेवढंच विष लहान अंगात जातं, म्हणून किलोमागे त्याचं प्रमाण जास्त होतं. प्रतिविष त्या विषाला निष्प्रभ करण्यासाठी असतं, त्यामुळे मुलालाही मोठ्यांइतकंच द्यायचं: सुरुवातीला 8 ते 10 व्हायल (कुप्या). सातपुड्यातल्या एखाद्या रुग्णालयात ‘पोर लहान आहे’ म्हणून पाचच व्हायल लावल्या, तर घोणस किंवा फुरशाच्या दंशात रक्त गोठण्याची बिघडलेली क्रिया न सुधारण्याचा धोका असतो.

आता ‘रुपयाही लागत नाही’ हा दावा. ॲट्रोपिन सल्फेटची 1 मिलीची ॲम्प्युल (काचेची बंद कुपी) असते, तिच्यात 0.6 मिग्रॅ औषध. एवढ्या पावडरीची किंमत खरोखर नगण्य आहे. पण कंपनीचा खर्च पावडरीवर होत नाही. इंजेक्शनचं शुद्ध पाणी, काच, निर्जंतुक खोली, भरण्याची लाइन, प्रत्येक ॲम्प्युलची तपासणी आणि बॅचची निर्जंतुकता चाचणी, जिच्यात नमुने 14 दिवस उबवून ठेवावे लागतात, या सगळ्यांचा खर्च होतो. यातला बराचसा खर्च बॅच दहा हजारांची असो की पन्नास हजारांची, तेवढाच राहतो.

समजा, बॅचमागे ठरलेला खर्च दीड लाख रुपये आणि प्रत्येक ॲम्प्युलमागे आणखी दोन रुपये. (आकडे फक्त हिशोब समजण्यासाठी घेतले आहेत.) पन्नास हजार खपल्या तर एक ॲम्प्युल पाच रुपयांना पडते. मुदत संपेपर्यंत दहाच हजार खपल्या तर सतरा रुपयांना. औषध तेच, कारखाना तोच, खर्च तिपटीहून जास्त. शिवाय त्याच लाइनवर त्या दिवशी जास्त नफ्याचं दुसरं इंजेक्शन भरता आलं असतं. तो सोडलेला नफाही ॲट्रोपिनच्या खर्चातच धरावा लागतो, आणि कंपनी तो धरतेच.

दुसरा दावा समजून घ्यायला रावेर-यावलची केळीबाग पुरे आहे. रोपं, ठिबक, खतं यांवरचा पैसा आधीच गेलेला असतो. घड तयार झाल्यावर शेतकरी एकच हिशोब करतो: येणाऱ्या भावात कापणीची मजुरी आणि वाहतूक निघते का? निघत असेल तर तोट्यातही घड कापतो, कारण न कापल्यास तोटा आणखी वाढतो. तेवढंही निघत नसेल तर बागेत जनावरं सोडतो. आणि भाव वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर पुढच्या हंगामात केळीच लावत नाही. सरकारने केळीचा कमाल भाव मजुरीच्याही खाली बांधला, तर बाजारात केळी स्वस्त होणार नाहीत, दिसेनाशी होतील.

औषधांचंही तसंच घडतं, आणि ते कागदोपत्री नोंदलेलं आहे. औषध किंमत नियंत्रण आदेश 2013 नुसार आवश्यक औषधांची कमाल किंमत एनपीपीए (केंद्राचं औषध किंमत प्राधिकरण) ठरवते: बाजारात 1 टक्का किंवा जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किरकोळ विक्रेत्याला पडणाऱ्या किमतींची सरासरी काढून त्यावर 16 टक्के मार्जिन. नंतर दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदल. 2023 मध्ये ही वाढ 12.12 टक्के होती, 2024 मध्ये अवघी 0.00551 टक्के. हा निर्देशांक सगळ्या मालाचा असतो. एखाद्या औषधाचा कच्चा माल मधेच महागला तर त्याचं प्रतिबिंब त्यात पडत नाही.

याच कोंडीमुळे ऑक्टोबर 2024 मध्ये एनपीपीएने आदेशाच्या परिच्छेद 19 मधला खास अधिकार वापरून 8 औषधांच्या 11 प्रकारांची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवली. उत्पादन परवडत नाही, असे उत्पादकांचे अर्ज आले होते, काहींनी औषध बंद करण्याची परवानगी मागितली होती. त्या यादीत 0.6 मिग्रॅचं ॲट्रोपिन इंजेक्शन आहे आणि दम लागलेल्या मुलांना वाफेतून देतात ते सालब्युटामॉलचं 5 मिग्रॅ प्रति मिलीचं द्रावणही आहे. त्याआधी 2019 मध्ये 21 आणि 2021 मध्ये 9 प्रकारांना अशीच वाढ मिळाली होती. मेसेज जी किंमत निम्मी करायला सांगतो, ती औषध बाजारात टिकावं म्हणून दीडपट करावी लागली.

मग कंपन्या मुद्दाम माल कमी करतात, हे पूर्ण खोटं का? नाही, आणि हे नीट वेगळं करायला हवं. जिथे विकणारा एकच असतो, तिथे आणखी एक नग खपवायला त्याला सगळ्याच नगांची किंमत उतरवावी लागते. म्हणून तो कमी माल चढ्या भावात विकण्यावर थांबतो. पेटंट असलेल्या औषधांत हे उघड दिसतं. मुलांच्या स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारावरच्या रिस्डिप्लामची बाटली सहा लाखांच्या वर होती. 2025 मध्ये न्यायालयीन लढाईनंतर नॅटको या भारतीय कंपनीने तेच औषध 15,900 रुपयांना आणलं. तिथे मेसेजमधला राग योग्यच ठरतो. पण ॲट्रोपिनवर पेटंट नाही, परवाना असलेला कुणीही ते बनवू शकतो. एकाने माल दाबला तर दुसरा लगेच विकायला उतरेल. तो उतरत नाही, कारण उतरण्याजोगं काही उरत नाही. दोन्ही दुखणी बाहेरून तुटवड्यासारखीच दिसतात, पण पहिल्याचं औषध स्पर्धा आणि किंमत नियंत्रण, दुसऱ्याचं औषध खर्च भागेल अशी किंमत आणि खात्रीची मागणी. आवश्यक औषधांच्या यादीतलं औषध कंपनीला गुपचूप बंदही करता येत नाही: सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकार तिला एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला लावू शकतं.

प्रतिविषात आणखी एक अडचण आहे. घोड्यांना विषाचे छोटे डोस महिनोन्महिने टोचून मग त्यांच्या रक्तातून ते काढतात, त्यामुळे पावसाळ्यात मागणी वाढली म्हणून उत्पादन लगेच वाढत नाही. आफ्रिकेसाठीचं फाव-आफ्रिक हे प्रतिविष सनोफी या फ्रेंच कंपनीने 2014 मध्ये बनवणं थांबवलं आणि शेवटच्या बॅचची मुदत 2016 मध्ये संपली. त्या किमतीत परवडेना, म्हणून थांबवलं.

आता खानदेशात नेमकं काय मागायचं, ते बघू. कीटकनाशक पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेलं असतं आणि मूल ते पितं. घरच्यांनी उलटी करवू नये, कपडे काढून अंग साबणाने धुवावं, 108 ला फोन करावा आणि लेबलसह डबा सोबत न्यावा. पुढचं काम डॉक्टरांचं. ऑर्गॅनोफॉस्फेट या गटातल्या कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन किलोमागे 0.02 ते 0.05 मिग्रॅपासून सुरू करतात आणि छातीतला घरघराट थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करतात. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबत नाहीत, थांबायची खूण छातीत ऐकू येते. 12 किलोच्या मुलाला वरच्या मापाने पहिला डोस 0.6 मिग्रॅ, म्हणजे एक ॲम्प्युल. नंतर दोन, चार, आठ. गंभीर विषबाधेत पंधरा मिनिटांत 15 ॲम्प्युल संपतात. पुढे लागलेल्या एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला शिरेतून चालू ठेवतात, म्हणजे तासाला दीड ते तीन ॲम्प्युल. तो वेग कायम राहिला तर 24 तासांत आणखी 36 ते 72.

म्हणजे धडगावकडच्या पीएचसीतून नंदुरबारच्या सिव्हिलला पोहोचायला दोन तास धरले, तर एका मुलासाठी पीएचसीत आणि गाडीत मिळून 21 तरी हव्यात, आणि सिव्हिलमध्ये एका खाटेमागे रोजच्या 70. सहा ॲम्प्युलचा ‘साठा उपलब्ध’ हा शेरा या हिशोबात पहिल्या दहा मिनिटांतच कोसळतो.

कंपनीलाही हाच आकडा आधी कळायला हवा. जिल्ह्याने ॲट्रोपिनची वर्षाची मागणी मे महिन्यात पक्की कळवली, राज्याच्या खरेदी प्राधिकरणाने तिची एकत्रित निविदा काढली आणि बिलं वेळेवर दिली, तर वर सांगितलेल्या हिशोबातली बॅच दहा हजारांवरून पन्नास हजारांवर जाते आणि एका ॲम्प्युलचा खर्च आपोआप उतरतो. तमिळनाडूचं वैद्यकीय सेवा महामंडळ 1995 पासून एकत्रित खरेदी करतं. बिल अडकण्याची भीती असली की कंपनी ती रक्कम भावात धरते किंवा निविदाच भरत नाही.

मेसेज पुढे पाठवण्याऐवजी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत साठ्याचं रजिस्टर मागा, त्यात ॲम्प्युलची संख्या आणि मुदतीची तारीख बघा. मेडिकलमध्ये औषध मिळत नसेल तर एनपीपीएच्या फार्मा जन समाधान पोर्टलवर औषधाचं नाव, ताकद, गाव आणि तारीख लिहून तक्रार नोंदवा. हे पोळ्याच्या आधी करा, त्यानंतर फवारणी जोरात असते.