माइल्ड हायब्रिडकडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची?

मारुतीच्या ग्रँड विटाराची माइल्ड हायब्रिड ही चांगली गाडी आहे आणि तिच्या चांगुलपणाचा हायब्रिडशी फार थोडा संबंध आहे. हे माझं मत. गाडी घरात आहे, रोज हातात असते, त्यामुळे जरा ठामपणे बोलतो.

आमच्या मेहुण्याने मागे विचारलं, "दाजी, हायब्रिड ना? मग चार्जिंगला कुठं लावता?" कुठंही लावत नाही. लावायला भोकच नाही. त्याचा पुढचा प्रश्न, "मग बॅटरीवर किती किलोमीटर जाते?" शून्य. हे ऐकल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की जणू मला कुणीतरी गंडवलंय. गंडवलं कुणी नाही. पण हा गैरसमज एकट्या त्याचा नाही, सोसायटीच्या पार्किंगपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत सगळीकडे आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आत काय आहे ते आधी बघू. इंजिन १४६२ सीसीचं, चार सिलिंडरचं, साधं पेट्रोल, टर्बो नाही. ताकद १०३ पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १३६.८ न्यूटन मीटर, तोही ४४०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला ४४०० फेरे घेत असताना. हा आकडा लक्षात ठेवा, घाटात उपयोगी पडेल. मारुतीच्याच ब्रेझामध्येही हेच इंजिन. या इंजिनाला नेहमीच्या अल्टरनेटरच्या जागी एक आयएसजी जोडलाय, म्हणजे अल्टरनेटर आणि स्टार्टर दोन्हीची कामं करणारी, बेल्टवर चालणारी मोटर. सोबत नेहमीची लेड-ॲसिड बॅटरी आणि सीटखाली एक छोटी लिथियम-आयन, दोन्ही १२ व्होल्टच्या. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर जनरेटर होते आणि छोटी बॅटरी भरते. पुन्हा पाय दिला की तीच मोटर काही क्षण इंजिनाला हात देते. बस्स, एवढंच. चाकं एकट्या मोटरवर फिरतात असं कधीच होत नाही.

यात नवीन काही नाही. मारुतीने २०१५ मध्ये सियाझ डिझेलला एसएचव्हीएस या नावाने हेच तंत्र दिलं होतं. तेव्हा इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांसाठीच्या सरकारच्या फेम योजनेत त्याला सवलतही मिळायची. २०१७ च्या एप्रिलपासून माइल्ड हायब्रिडची ती सवलत गेली. उत्तर प्रदेशने २०२४ मध्ये नोंदणी कर माफ केला तोही स्ट्राँग (काही अंतर नुसत्या बॅटरीवर चालणाऱ्या) आणि प्लग-इन (चार्जिंगला लावता येणाऱ्या) हायब्रिडचा, माइल्डचा नाही. थोडक्यात, सरकारदरबारी या तंत्राची पत काय आहे ते समजून घ्या. मला विचाराल तर सरकारचं बरोबर आहे. इंधन वाचवण्याची ही चांगली युक्ती आहे, पण करमाफी द्यावी एवढी मोठी नाही.

आता रस्त्यावर.

स्वारगेटवरून कात्रजकडे संध्याकाळी सातला निघा. या गाडीचं खरं घर तेच. सिग्नलला गाडी थांबली, न्यूट्रल केली, क्लच सोडला की इंजिन बंद. आरपीएमचा काटा शून्यावर येतो आणि अचानक शेजारच्या रिक्षाचा रेडिओ स्पष्ट ऐकू यायला लागतो. पुढची बस हलली, क्लच दाबला की इंजिन चालू. आणि ते ज्या पद्धतीने चालू होतं, त्यासाठी मी या मोटरला पैकीच्या पैकी मार्क देईन. स्टार्टरची खर्रखर्र नाही, स्टिअरिंगला धक्का नाही, पहिला गिअर पडेपर्यंत इंजिन तयार. सकाळी थंड गाडी पहिल्यांदा चालू करताना मात्र नेहमीचा स्टार्टरच काम करतो आणि तो आवाज ऐकला की दोन्हींतला फरक कळतो. बाकीच्या काही गाड्यांत नुसतं स्टार्ट-स्टॉप असतं, तिथे दर सिग्नलला गाडी अंग झटकून उठते आणि लोक दुसऱ्याच दिवशी ते बटण दाबून बंद करतात. इथेही बटण आहे. दर वेळी गाडी नव्याने चालू केली की पुन्हा दाबावं लागतं. मला सहसा गरज पडत नाही, एप्रिल-मे सोडून. कारण इंजिन बंद म्हणजे एसीचा कॉम्प्रेसरही बंद. ब्लोअर हवा फेकत राहतो, पण सिग्नल लांबला की ती हवा कोमट होते आणि मागच्या सीटवरून आईचा आवाज येतो, "अरे, एसी बंद केलास का?" थोड्या वेळाने गाडी स्वतःच कंटाळून इंजिन चालू करते.

मोटरची मदत जाणवते ती इथेच, दुसऱ्या गिअरला कासवगतीने चालताना. हाफ क्लचवर खेळायची वेळ कमी येते. स्पीडब्रेकरवरून उतरून पुन्हा वेग घेताना, हातगाडीला मागून कुणी हात लावावा तसा एक हलका रेटा मिळतो. तो लहान असतो, आणि संपतो. बॅटरी केवढीशी, ती किती वेळ पुरणार? युरोपात मारुतीच्याच मूळ कंपनीने, सुझुकीने, २०२० मध्ये विटाराला ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड दिली, १.४ लिटर टर्बोसोबत, २३५ न्यूटन मीटर टॉर्कची. आपल्याकडे आली १२ व्होल्टची आणि बिनटर्बोची. किमतीचं गणित आपल्याला कळतं, तरी ती जोडी इथे आली असती तर काय मजा आली असती, हा विचार घाटात हमखास येतो.

घाट म्हणजे आमचा पसरणीचा. वाई सोडली की वळणं सुरू, पाचगणीपर्यंत चढणच चढण. गाडीत पाच माणसं, मागे बॅगा, एसी चालू. तिसऱ्या गिअरला दोन हजार आरपीएमच्या खाली आलात की गाडी ओढत नाही, हे सरळ सांगतो. मोटर मदतीला येईल ही आशा सोडा. तिचा रेटा काही सेकंदांचा, चढण काही मैलांची. दुसरा गिअर टाका, इंजिनाला तीन-साडेतीन हजारांवर गाऊ द्या, मग गाडी कसलीही तक्रार न करता वर जाते. ४४०० चा आकडा लक्षात ठेवा म्हणालो तो यासाठी. ताकद वर आहे, खाली नाही. डिझेल चालवून आलेल्या माणसाला हे फार खटकतं. जुन्या विटारा ब्रेझाचं डिझेल फक्त ९० पीएसचं होतं, पण टॉर्क २०० न्यूटन मीटर आणि तोही खालीच. ते चौथ्या गिअरला ज्या चढणीला सहज जायचं, तिथे हे तिसरा मागतं. २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम आल्यावर मारुतीने डिझेल बंद केलं, तेव्हापासून आमच्या भागातल्या कित्येकांचा राग गेलेला नाही.

हायवेला शिरवळच्या पुढे ट्रकच्या मागून बाहेर पडताना हाच नियम. आधी गिअर कमी करायचा, मग आरशात बघायचं, मग निघायचं. ऐनवेळी पाचव्या गिअरला पाय दाबून काही होत नाही. सहा गिअरची ऑटोमॅटिक घेतली असेल तर स्टिअरिंगमागचे पॅडल वापरायची सवय लावा. गिअरबॉक्स मऊ आहे, शहरात फार सुखाचा आहे, पण घाईच्या वेळी त्याला विचार करायला वेळ लागतो. एकदा शंभरच्या वेगाला बसली की मात्र गाडी शांत, सरळ आणि भरवशाची. इंजिनाचा आवाज केबिनमध्ये येतो तो तीन हजारांच्या वर. स्टिअरिंग हलकं आहे, पार्किंगला लोण्यासारखं, वळणावर मात्र चाकं काय करतायत ते हातापर्यंत येत नाही. सस्पेन्शन कमी वेगाला थोडं कडक वाटतं, वेग वाढला की खड्डे छान गिळतं. २१० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्समुळे गावाकडच्या त्या राक्षसी स्पीडब्रेकरना पोट घासत नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत आणि पसरणी उतरताना त्यांचा आधार वाटतो.

आता पैशांचं, कारण शेवटी सगळे तिथेच येतात.

माइल्ड हायब्रिडने नक्की किती वाचतं, याचं स्वच्छ उत्तर ग्रँड विटारात मिळत नाही, ब्रेझात मिळतं. २०२३ मध्ये ब्रेझाच्या मॅन्युअलमधून ही मोटर काढली गेली आणि नंतर वरच्या मॉडेलला परत आली. त्यामुळे तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, मोटरसह आणि मोटरविना, असे दोन्ही आकडे आहेत: लिटरला मोटरविना १७.३८ किलोमीटर, मोटरसह १९.८९. हे एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचे, म्हणजे प्रयोगशाळेतले. रस्त्यावर दोन्ही खाली येतात. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरले तर फरक साधारण ८७ लिटरचा. आपल्याकडे पेट्रोल शंभरीच्या वर आहे, तेव्हा वर्षाला नऊ हजारांच्या आसपास. दोन सर्व्हिसिंगचे पैसे समजा. वाईट नाही, आणि त्यासाठी तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

खरा वाद स्ट्राँग हायब्रिडशी आहे. एकाच नावाची, एकाच साच्याची ती दुसरी गाडी. इंजिन टोयोटाचं, तीन सिलिंडरचं, वेगळी मोटर, मिळून ११६ पीएसच्या आसपास, आणि अ‍ॅव्हरेज २७.९७. ती खरोखर काही अंतर बॅटरीवर चालते, ट्रॅफिकमध्ये तर बराच वेळ. माइल्डची ऑटोमॅटिक २०.५८ देते. दोघींत वर्षाला १२ हजार किलोमीटरवर दीडशेच्या वर लिटरचा फरक, म्हणजे १६ हजार रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा माइल्डचं झेटा ऑटोमॅटिक मॉडेल १५.३९ लाख आणि स्ट्राँग हायब्रिडचं झेटा प्लस १७.९९ लाख होतं. वरचे २ लाख ६० हजार या हिशेबाने वसूल व्हायला १६ वर्षं. शहरात स्ट्राँगचा फायदा कागदावरच्यापेक्षा जास्त असतो हे मान्य, तरी आठवड्यातून चार दिवस दारात उभ्या असणाऱ्या गाडीसाठी हे पैसे घालू नयेत असं मला वाटतं. वर्षाला तीस हजार किलोमीटर पळणाऱ्याचं गणित वेगळं, त्याचे साडेसहा वर्षांत सुटतात, शिवाय रोजच्या ट्रॅफिकमधली शांतता फुकट.

आणखी एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. स्ट्राँगची बॅटरी मागे असल्याने डिकी २६५ लिटरची. माइल्डची ३७३. कागदावर हा फरक लहान दिसतो. गणपतीला गावी जाताना, तांदळाचं पोतं, आईचं फराळाचं पिंप आणि तीन बॅगा घेऊन डिकीसमोर उभे राहा, मग बोलू. आमच्या घरात माइल्डचा निर्णय अर्ध्याहून अधिक त्या डिकीने घेतलाय. माझ्या इंजिनच्या ज्ञानाला घरी फारशी किंमत नव्हतीच.

माझा आक्षेप गाडीवर नाही, अपेक्षांवर आहे. लोक हायब्रिड म्हणून तिच्याकडे बघतात, मग घाटात पिकअप कमी वाटला की बॅटरीला शिव्या घालतात. बॅटरीचं ते कामच नव्हतं. पिकअप हवा असेल तर टर्बो पेट्रोल किंवा डिझेल चालवून बघा, बाजारात आहेत. ही घ्या ती मोकळ्या केबिनसाठी, शहरातल्या सुखासाठी, गावोगावी होणाऱ्या सर्व्हिसिंगसाठी, आणि बाराही महिने मुकाट चालणाऱ्या साध्या इंजिनासाठी.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शोरूमच्या मागच्या सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून परत येऊ नका. घरची चार माणसं बसवा, एसी फुल करा आणि जवळचा जो काही चढ असेल, कात्रज असेल, दिवे असेल, तिथे न्या. तिसऱ्या गिअरला चढवून बघा, मग दुसऱ्याला. दुसऱ्या गिअरमधला इंजिनाचा आवाज तुम्हाला चालत असेल तर ही गाडी तुमची. तुम्ही चेहरा वाकडा केलात तर स्ट्राँग बघा नाहीतर डिझेल. ऑल-ग्रिपवाली फोर-व्हील-ड्राइव्हही याच इंजिनावर मिळते, आधी मॅन्युअल होती, २०२५ पासून ऑटोमॅटिक. तिच्याबद्दल कुणी वापरत असेल तर कमेंटमध्ये लिहा, विशेषतः कोकणातल्या पावसात लाल मातीच्या चढावर ती कशी वागते ते मला ऐकायचंय.