आईचं मनगट आणि फॉर्मवरचा आकडा

आई-बाबांना अमेरिकेत बोलावणाऱ्या सगळ्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितेय.

चार वर्षांपूर्वी आई आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. बर्फावरून घसरली आणि हातावर पडली. व्हिजिटर इन्शुरन्सचं डिडक्टिबल (विम्याआधी आपण खिशातून भरायची रक्कम) मोठं, म्हणून जवळच्या कम्युनिटी हेल्थ सेंटरमध्ये नेलं. एक्स-रे काढला, मुरगळलंय म्हणाले, पट्टी बांधून घरी पाठवलं. खरं तर हाड मोडलं होतं, आणि ते वाकडंच जुळलं. आता आईला लाटणं धरवत नाही.

दीड वर्ष आम्ही सेंटरला पत्रं लिहिली, फोन केले. समोरून गोड बोलायचे. आम्हाला वाटायचं, तक्रार नोंदली गेली. वकील गाठला तेव्हा 23वा महिना चालू होता. त्यांचा पहिला प्रश्न होता, "हे सेंटर फेडरल संरक्षणाखाली येतं का?" पाटीवर तसं काहीच नव्हतं! पण अमेरिकेच्या केंद्र सरकारचं (फेडरल) अनुदान घेणाऱ्या अशा अनेक सेंटरांचे डॉक्टर कायद्याने केंद्र सरकारचे कर्मचारी धरले जातात. मग सेंटरवर राज्याच्या कोर्टात दावा चालत नाही. 1946चा फेडरल टॉर्ट क्लेम्स ॲक्ट, म्हणजे सरकारी कर्मचाऱ्याच्या चुकीची भरपाई सरकारकडे मागायचा कायदा लागतो, आणि कोर्टात जाण्याआधी 2 वर्षांच्या आत केंद्र सरकारच्या संबंधित खात्याकडे लेखी मागणी करावी लागते. सेंटरला लिहिलेली आमची पत्रं यात धरलीच गेली नाहीत.

आधी खात्याकडे जा, ही सक्ती 1966च्या दुरुस्तीने आली. त्यामागचा हेतू मला पटतो. कोर्टाबाहेर मिटत असेल तर मिटावं. पण नियम किती कडक आहे बघा. एका कैद्याने वकिलाशिवाय, मागणी करण्याआधीच दावा लावला. नंतर मागणी केली, ती नाकारलीही गेली. तरी 1993 साली सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की दावा वेळेआधीचा, म्हणून चालणार नाही. ज्याला वकील परवडत नाही त्याने हे कुठून शिकायचं?

आम्ही घाईघाईत या मागणीचा सरकारी फॉर्म, स्टँडर्ड फॉर्म 95, भरला. त्यात नुकसानीचा नेमका आकडा लिहावा लागतो. "अंदाजे" किंवा "निदान इतके" चालत नाही. आम्ही तोवरच्या बिलांवरून आकडा टाकला. नंतर पुण्यात डॉक्टरांनी सांगितलं, हाड पुन्हा तोडून बसवावं लागेल. खात्याचा निर्णय येईपर्यंत आकडा वाढवता येतो, हे आम्हाला कळलं तेव्हा नकाराचं पत्र हातात पडलं होतं. पुढे कोर्टात त्या आकड्यापेक्षा जास्त मागायचं तर आधी कळूच शकलं नसतं असं काही दाखवावं लागतं. त्यासाठी आम्ही आजही झगडतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की नियम ठेवा, पण अशा प्रत्येक सेंटरच्या दारावर आणि डिस्चार्जच्या कागदावर तो ठळक छापा. पेशंटने तक्रार केली की त्याच दिवशी फॉर्म त्याच्या हातात द्या. सरकारची चूक झाली तर सरकारनेच रस्ता दाखवायला हवा.

तोवर आपण काय करायचं? एचआरएसए या, अशा सेंटरांना अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर सेंटरचं नाव शोधा. वकील कोर्टासाठी नव्हे, फॉर्मसाठीच गाठा. मुदत धरताना अर्ज खात्याला मिळाल्याची तारीख मोजतात, टपालात टाकल्याची नाही. खात्याने 6 महिन्यांत काहीच कळवलं नाही तर तो नकार समजून कोर्टात जाता येतं. लेखी नकार आला तर मात्र तिथून 6 महिनेच हातात असतात.

कुणाच्या घरी असा प्रसंग असेल तर मला मेसेज करा. आमच्या फॉर्मची प्रत दाखवते, आकड्याच्या रकान्यासकट.