जुने नाव हवे, पण जुनाट नको म्हणे!

आमच्या मुलीचे नाव ‘इरावती’ ठेवायचे, हे आम्ही दोघांनी सातव्या महिन्यातच ठरवले होते. पण बारसे चार दिवसांवर आले तरी घरातला प्रत्येक जण त्याला फाटे फोडतोच आहे. ‘नाव कसे जुने, भारदस्त हवे’ असा धोशा लावणाऱ्या आमच्या वन्संनाच आता ते आजीबाईंसारखे वाटते आणि ‘मायरा’ मात्र गोड! १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे यांचे नाव तिथल्या नदीवरून ठेवले होते, हे मी आणखी किती वेळा सांगायचे? त्यावर मामंजींचे उत्तर ठरलेले असते: मुलगी आर्द्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मली, तेव्हा आद्याक्षर ‘ङ’च हवे. ‘ङ’वरून एक तरी नाव दाखवा म्हटले, तर गुरुजींनी ‘घ’ही चालेल असे खुशाल सांगून टाकले, आणि काल वाणसामानाच्या वहीत घुगऱ्यांच्या हरभऱ्यांखाली ‘घनश्यामा’ लिहिलेले सापडले. वर तोडगा काय, तर कागदोपत्री इरावती असू द्या, हाक ‘पिहू’ अशी मारू. जन्मदाखल्यावरचा नावाचा रकाना अजून कोराच आहे.