स्थळ पाहिजे : वय पन्नास, घटस्फोटित, पोलीस खात्यात

स्कॅन्डिनेव्हियन रहस्यकादंबरी लिहायचं तुमच्या मनात आलंय, हे तुमच्याकडे बघूनच कळतं. गेले दोन महिने तुम्ही बिनसाखरेची काळी कॉफी पिताय, ऐन मे महिन्यात मफलर गुंडाळताय आणि कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं की उत्तर देण्याआधी खिडकीबाहेर बघताय. लक्षणं बरोबर आहेत. फक्त सुरुवात भलतीकडून करू नका. नवशिके आधी प्रेत शोधायला निघतात. प्रेत काय, कुठेही मिळतं. आधी जोडी जमवा.

आणि जोडी जमवायला मराठी माणसाला कुणी शिकवायचं? छत्तीसपैकी अठरा गुण आले की आपण हॉल बघायला निघतो. इथेही छत्तीसच लागतात, पण ते दुसरे. तीन आणि सहा शेजारीशेजारी लिहून बघा: ३६. दोघांनी एकमेकांकडे पाठ केलेली. तुमच्या पाचशे पानांचं सगळं भांडवल या आकड्यात आहे. गुप्तहेरांचं एकमेकांशी जरा जरी जमलं तरी खुनी शंभराव्या पानावर सापडेल, आणि मग उरलेल्या चारशे पानांत काय, हवामान लिहिणार?

(तेही लिहितात. पण त्याला वकूब लागतो.)

तर आधी मुलगा बघू. वय पन्नासच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सरकारी, संसार मोडलेला, पोटाची तक्रार. या सगळ्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे स्टॉकहोमचा मार्टिन बेक. माय श्योवाल आणि पेर वाहलो या जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात त्याच्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. बेकला कायम सर्दी, कायम पित्त, घरात बायकोशी बोलणं जेवढ्यास तेवढं, आणि विरंगुळा म्हणून जहाजांच्या छोट्या प्रतिकृती जोडत बसायचं. तोवर हेर म्हणजे पाइप ओढणारा हुशार माणूस. बेकने त्याला अँटासिड दिलं. तिथून पुढे त्या थंड प्रदेशात निरोगी पोलीस अधिकारी जन्माला आला असेल, तर त्याच्यावर कुणी कादंबरी लिहिलेली नाही.

गंमत म्हणजे स्वतः लेखकांची जोडी मात्र जुळलेली होती. रात्री मुलं झोपली की दोघं लिहायला बसायचे, एक प्रकरण हिचं, एक त्याचं. दहाही पुस्तकांना मिळून त्यांनी एकच नाव दिलं होतं, ‘एका गुन्ह्याची कादंबरी’. हा गुन्हा कुठल्या एका खुन्याचा नव्हताच. आदर्श म्हणून जगभर मिरवणाऱ्या कल्याणकारी राज्याने आपल्याच कष्टकऱ्यांना वाऱ्यावर सोडलं, असा या डाव्या जोडप्याचा आरोप होता. तुम्ही एवढं मनावर घेऊ नका. आता त्या आरोपातलं फक्त हवामान शिल्लक राहिलंय, आणि ते चांगलं खपतं.

बेकनंतरची स्थळंही पाहून ठेवा. स्वीडनमधल्या ईस्टाड गावचा, हेनिंग मँकेलचा वॉलंडर : घटस्फोट, मधुमेह, ऑपेराचं वेड; वडील चित्रकार, पण आयुष्यभर एकच निसर्गचित्र काढत आलेले, कधी त्यात रानकोंबडा घालून, कधी न घालता. (तुम्ही मालिका लिहायला घेतली की या वडिलांची फार आठवण येईल.) ऑस्लोचा, यू नेस्बोचा हॅरी : आडनाव इंग्रजीत वाचून ‘होल’ म्हणाल तर नॉर्वेत हसतील, ते ‘हूले’ आहे; बुद्धी तल्लख, बाटली जवळची. मुलगा दारुडा हवा असेल तर आणखी एक पथ्य. स्वीडन-नॉर्वेत कडक दारूची बाटली जवळजवळ फक्त सरकारी दुकानातच मिळते, रविवारी दुकान बंद, आणि स्वीडनमध्ये शनिवारीही दुपारीच शटर खाली येतं. म्हणजे तिथल्या उद्ध्वस्त, बेफाम, आत्मनाशाकडे निघालेल्या नायकाला शनिवारी जेवण उरकून वेळेत रांगेत उभं राहावं लागतं. इतकी शिस्त असलेला माणूस उद्ध्वस्त कसा, हे वाचकाने विचारायचं नसतं.

आता दुसरी बाजू. मुलगी म्हणत नाही, कारण ती मुलगीच असेल असं नाही. ही बाजू बाहेरची हवी. देश बाहेरचा, वय बाहेरचं, निदान रीतभात तरी बाहेरची. या बाबतीत सगळ्यात गुणी स्थळ कोपनहेगनला आहे, पोलीस मुख्यालयाच्या तळघरात. कादंबरीकार युसी आडलर-ओल्सन यांनी २००७ साली ‘क्यू विभाग’ काढला आणि तिथे कार्ल मोर्क या माणसाला नेऊन बसवलं. डॅनिशमध्ये ‘मोर्क’ म्हणजे अंधारलेला, तेव्हा मराठीत हा कार्ल काळोखे. आडनावातच लाइट गेलेली. एका गोळीबारात याचा एक सहकारी गेला, दुसरा कायमचा अंथरुणाला खिळला आणि हा वाचला. तेव्हापासून तो कुणालाच नकोय. म्हणून त्याला जुन्या, न सुटलेल्या फायली देऊन खाली पाठवलंय. विभागासाठी राजकारण्यांनी घसघशीत निधी मंजूर केलाय आणि वरच्या साहेबांनी त्यातला मोठा हिस्सा आपल्या खून विभागाकडे वळवलाय. (हे वाचताना डेन्मार्क अचानक माहेरासारखा वाटायला लागतो.) कार्लला हे कळतं. तो उपोषणाला बसत नाही, पत्रकार परिषद घेत नाही. गप्प बसण्याच्या बदल्यात एक गाडी आणि एक मदतनीस मागून घेतो.

तो मदतनीस म्हणजे असद. सीरियाहून आलोय असं सांगणारा, हातात फरशी पुसायचं फडकं घेऊन कामावर रुजू झालेला. झाडू ठेवायच्या खोलीएवढी त्याची केबिन, त्यात जानमाज अंथरलेलं, जीभ चिकटेल इतका गोड चहा आणि प्रत्येक प्रसंगाला चपखल न बसणारी एक उंटाची गोष्ट. कार्ल टेबलावर पाय टाकून डुलकी काढत असतो तेव्हा असद फायली वाचतो. वाचून झाल्या की त्यातली नेमकी एक कार्लच्या पायांशी आणून ठेवतो. तपास तिथून सुरू होतो.

हे कामाचं वाटप नीट उतरवून घ्या, विजोड जोडीचा सगळा कारभार यावर चालतो. दुःख एकाने वाहायचं आणि फायली दुसऱ्याने. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडेही पुष्कळ घरांत एकाला टेन्शन असतं आणि दुसरीला काम. पुस्तकाच्या पाठीवर नाव टेन्शनवाल्याचंच छापतात.

मला विचाराल तर असद हे त्या पुस्तकांतलं सगळ्यात जिवंत माणूस आहे. पण म्हणून त्याला वरच्या मजल्यावर आणायची चूक तुम्ही करू नका. सुशिक्षित, उदार, कर वेळेवर भरणाऱ्या वाचकाला परदेशी माणूस आवडावा लागतो, आणि तळघरात चहा करणारा परदेशी माणूस आवडायला सगळ्यात सोपा. तोच साहेब होऊन कार्लला चहा सांगायला लागला तर ती रहस्यकथा राहत नाही, तिचा राजकीय वाद होतो.

काही जणांना तंत्र उलटं आवडतं : पुरुष मवाळ, बाई वादळ. स्टीग लार्सन यांनी एक सज्जन मासिक-पत्रकार घेतला आणि त्याला काट्यासारखी टोकदार हॅकर मुलगी जोडून दिली. लार्सन स्वतः मासिकाचे पत्रकार होते आणि कादंबरीतला पत्रकार भेटेल त्या स्त्रीला आवडतो, हा योगायोग समजा. पहिल्या पुस्तकाचं स्वीडिश नाव ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’. इंग्रजीत जाताना द्वेषही गेला आणि पुरुषही गेले. उरली एक मुलगी आणि तिच्या पाठीवरचं गोंदण. त्या पुस्तकांत गरम सँडविच, असंख्य कप कॉफी आणि आयकियाच्या फर्निचरची नावानिशी यादीसुद्धा आहे. पानं कमी पडली तर ही युक्ती वापरा : तुमच्या नायिकेला एकदा खुर्च्या घ्यायला पाठवा.

या ठिकाणी एक व्यावहारिक सल्ला, कारण आपण स्थळांविषयी बोलतोय. पुस्तक छापून यायच्या आधीच, २००४ च्या नोव्हेंबरात, लार्सन पन्नासाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. तीस वर्षांहून अधिक काळ ज्या जोडीदारिणीबरोबर राहिले, तिच्याशी लग्न केलेलं नव्हतं आणि वैध मृत्युपत्रही नव्हतं. कोट्यवधी प्रतींचा वारसा वडिलांकडे आणि भावाकडे गेला. जगातल्या सगळ्यात पुरोगामी देशातही तलाठी कागद मागतोच. तेव्हा जोडी पुस्तकात विजोड ठेवा, घरात नोंदणी करा.

आता बोलणी. इथे तुमची खरी परीक्षा आहे. जुन्या स्वीडनमध्ये वरिष्ठाला थेट ‘तू’ किंवा ‘तुम्ही’ म्हणणं अवघड होतं. हुद्दा घेऊन तिसऱ्याच माणसाविषयी बोलल्यासारखं विचारायचे, ‘डॉक्टर कॉफी घेतील का?’ अगदी आपल्या ‘साहेब चहा घेणार का?’सारखं. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे ‘तू-सुधारणा’ झाली आणि राजघराणं वगळता सगळा देश सगळ्या देशाला अरे-तुरे करू लागला. शिपाई आयुक्ताला ‘तू’ म्हणतो, संशयित तपास अधिकाऱ्याला ‘तू’ म्हणतो. मराठीत लिहिताना हे जमवा बरं. ‘कमिशनर, तू चुकतोयस,’ असं तुमचा हवालदार पहिल्या पानावर म्हणाला, की वाचक पुढची पाचशे पानं खुनी कोण याचा विचारच करणार नाही. तो हवालदाराची बदली कुठे झाली ते शोधत राहील.

तरी जोडी भांडणार कशी, जर दोघंही एकमेकांना ‘तू’ म्हणतात आणि आवाज कुणीच चढवत नाही? तेच तर कसब आहे. आपल्याकडे भांडण म्हणजे आधी आवाज, मग माहेर, मग १९९८ सालचं लग्नातलं मानपान. तिकडे भांडण म्हणजे गाडीत तीन पानं शांतता. चौथ्या पानावर एकजण वायपर चालू करतो. हे वाचून अंगावर काटा आला पाहिजे.

आणि हे सगळं घडवायचं कुठे? जिथे काहीच घडत नाही तिथे. आइसलँडमध्ये काही वर्षं अशी गेली की देशभरात एकही खून झाला नाही, पण रेक्याविकच्या कादंबऱ्यांत प्रेतांचा पुरवठा कधी खंडला नाही. नॉर्वेत तर ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या लाकडी घरात बसून खुनाच्या गोष्टी वाचायची राष्ट्रीय प्रथाच आहे. १९२३ साली एका प्रकाशकाने ‘बर्गनची रेल्वे काल रात्री लुटली!’ ही पुस्तकाची जाहिरात वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बातमीसारखी छापली, लोक हबकले, आणि तेव्हापासून ही चटक लागली. आता ईस्टरला दुधाच्या खोक्यावरसुद्धा छोटी रहस्यकथा छापतात. दूध संपेपर्यंत खुनी सापडतो.

खऱ्या स्वीडनकडे मात्र फार बघू नका. तिथे हल्ली टोळ्यांची वैरं आहेत, त्यात मिसरूडही न फुटलेली पोरं गोळ्या झाडतात. त्यात ना कोडं, ना बायबलमधलं वचन, ना खुन्याचं हुशार पत्र. आणि ज्या खुनात सगळं होतं, तोही कादंबरीच्या नियमाने चालला नाही. २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री पंतप्रधान ओलोफ पाल्मे सिनेमा बघून बायकोबरोबर पायी घरी निघाले होते, बरोबर अंगरक्षक नाही. भर रस्त्यात त्यांना गोळी घातली. चौतीस वर्षं तपास चालला. २०२० मध्ये सरकारी वकिलाने आधीच मेलेल्या एका माणसावर संशय ठेवला आणि फाइल मिटवली. खटला नाही, कबुली नाही, बर्फात पाठलाग नाही. असं हस्तलिखित घेऊन गेलात तर प्रकाशक ‘शेवटावर जरा काम करा’ म्हणून परत पाठवेल.

तुमच्या शेवटावर काम करायची गरज नाही, तो ठरलेला आहे. पान चारशे ऐंशीच्या सुमारास दोघांपैकी एकजण मरता मरता वाचतो आणि दुसऱ्याला कळतं की याच्यावाचून आपल्याला करमणार नाही. ३६ चे ६३ होतात, तोंडाला तोंड. तिथे घाईने पुस्तक संपवा. दुसऱ्या भागाच्या दहाव्या पानापर्यंत त्यांची पुन्हा पाठ फिरवायची आहे, विसरू नका.

प्रेताचं राहिलंच. त्याचीही उत्तम सोय एका जोडीने करून ठेवली आहे, कादंबरीत नव्हे तर २०११ च्या ‘द ब्रिज’ या टीव्ही मालिकेत. डेन्मार्क आणि स्वीडनला जोडणाऱ्या ओरेसुंद पुलावर, बरोबर सीमारेषेवर प्रेत सापडतं. कमरेच्या वरचा भाग स्वीडिश राजकारणी बाईचा, खालचा भाग कोपनहेगनच्या वेश्येचा. स्वीडनच्या मालमोची पोलीस अधिकारी सागा नियमाबाहेर पापणी लववत नाही. कोपनहेगनचा पोलीस मार्टिन (बेक नव्हे, हा दुसरा) मऊ माणूस. रुग्णवाहिका पुलावरून सोडायची नाही असं ती म्हणते, तो सोडतो, आणि पहिल्याच भेटीत ती त्याची तक्रार करायला निघते. बघण्याचा कार्यक्रम याहून यशस्वी झालेला माझ्या माहितीत नाही. पुढे हेच स्थळ इंग्लंड-फ्रान्सच्या बोगद्यात आणि अमेरिका-मेक्सिकोच्या पुलावर नेऊन पुन्हा खपवलं गेलं.

तुमच्या डोक्यात काय आलं ते मला कळलं. बेळगावची वेस, अर्धं प्रेत इकडे, अर्धं तिकडे, एक मराठी फौजदार, एक कानडी. जोडी छत्तीस गुणी आहे, नाही म्हणत नाही. पण ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे पहिलं वाक्य दोघंही एकाच सुरात म्हणतील, म्हणजे तिथेच एकमत झालं आणि तुमची कादंबरी बुडाली. शिवाय रेषा नेमकी कुठे आहे, हे ठरल्याशिवाय पंचनामा कोण करणार? महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. प्रेतालाही तारीख मिळेल.